पाळकांनी प्रार्थना केली, मग आता गोळ्या कशाला?

कॅम्पडॉक्टर:
सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, घर ख्रिस्ती, आजोबांपासून मेथॉडिस्ट मंडळीतले (मंडळी म्हणजे चर्च, पाळक म्हणजे तिथले धर्मगुरू). धाग्याला जे नाव दिलंय तो प्रश्न मला ओपीडीत सारखा ऐकायला मिळतो म्हणून म्हटलं इथे एकदा सविस्तर लिहावं, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले बरेच मराठी लोक इथे असतात. प्रश्न पेशंट विचारत नाही. विचारते आई, नाहीतर सासू, नाहीतर मोठा भाऊ, आणि पेशंट बाजूला स्वतःच्या चपलांकडे बघत बसलेला असतो.

माझं उत्तर असं की प्रार्थना चालू ठेवा आणि गोळी पण चालू ठेवा, आणि यातलं काही बंद करा असं कुणी सांगितलं तर आधी मला फोन करा. पण एवढं सांगून भागत नाही कारण घरच्यांच्या मनात वेगळीच भीती असते, की डोक्याची गोळी घेतली म्हणजे आपला विश्वास कमी पडला. शुगरची गोळी घेताना ही भीती वाटत नाही, बीपीची घेताना वाटत नाही. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, माझी आजी पुढे तिथे नर्स होती, ती सांगायची की ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि लगेच भूल द्यायचे. प्रार्थना झाली आता भूल कशाला असं कुणी कधी विचारलं नाही. मग मनाच्या आजारालाच हा वेगळा नियम का लावायचा?

ख्रिस्ती घरातली माणसं समोर असली की मी त्यांना बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ वाचायला सांगतो. एलीया संदेष्टा, आधीच्या अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळालेला, आणि इथे रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतोय की पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागवत नाही. विश्वास वाढव असं पण म्हणत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, तो खाऊन परत झोपतो, दूत परत उठवून खायला लावतो कारण पुढचा पल्ला लांबचा आहे. बोलणं होतं ते नंतर, होरेब डोंगरावर. डिप्रेशनच्या पेशंटच्या बाबतीत सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मी पण हेच बघतो, झोप लागते का आणि दोन घास पोटात जातात का. गोळीचा गुण दिसायला तेवढे आठवडे जातातच, आणि नेमकं त्याच वेळी घरचे म्हणतात फरक पडत नाही, बंद करूया. स्तोत्र ८८ पण वाचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधारच आहे त्यात, शेवटी सुद्धा उजाडत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही.

आता घरच्या माणसांबद्दल, कारण मला खरं तर त्यांच्याबद्दलच लिहायचंय. मी एमडी वेल्लोरला सीएमसीत, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात केलं. तिथलं मानसिक आरोग्य केंद्र बागायमला आहे, १९५० च्या दशकात सुरू झालेलं, आणि तिथली पद्धत म्हणजे पेशंट ॲडमिट झाला की घरचं एक माणूस बरोबर राहायलाच पाहिजे. त्या काळात बाकी बऱ्याच ठिकाणी पेशंटला आत टाकून कुलूप लावायचे आणि घरचे पत्ता चुकीचा देऊन निघून जायचे. त्याच सुमारास अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून पेशंटच्या नातेवाईकांना राहायला बोलावलं होतं, म्हणजे ही काही एकट्या मिशनवाल्यांची गोष्ट नाही, ज्याला माणसाची कळकळ होती त्याला हे सुचलं. वेल्लोरला एक आई मुलाबरोबर राहायची, राउंडला गेलो की ती सांगायची, आज आंघोळीला जाताना टॉवेल त्याने स्वतःहून घेतला, काल मी हातात दिला होता. आम्ही चार्टवर डोस आणि बीपी लिहीत होतो, आणि औषध लागू पडतंय हे आम्हाला कळलं ते त्या टॉवेलवरून.

म्हणून माझ्याकडे पेशंट आला की मी घरच्यांना बाहेर बसवत नाही. आधी पेशंटशी एकट्याशी बोलतो, मग त्याला विचारून त्यांना आत घेतो आणि सगळं समोरच सांगतो. गोळी रात्री कोण देणार, डबा कुणाच्या हातात, पाळकांना कोण सांगणार, हे तिथेच ठरवून टाकायचं.

एक अगदी कामाची गोष्ट, ही तरी सगळ्यांनी वाचा. बायपोलर आजारात, म्हणजे कधी तेजी तर कधी खोल उदासी असते त्यात, लिथियमची गोळी देतात. आपल्याकडे तीन-तीन दिवसांची उपास-प्रार्थना असते, काहीजण पाणी पण घेत नाहीत. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तात ते विषासारखं वाढतं. हात जास्त थरथरणे, उलटी, जुलाब, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे, असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा, प्रार्थना गाडीत बसून करा. अंगदुखीच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे मेडिकलमधून परस्पर घेतल्या तरी हेच होऊ शकतं.

माझ्या केबिनमध्ये क्रूस नाही, भिंतीवर वचन नाही. माझे बहुतेक पेशंट हिंदू, लिंगायत, जैन, मुसलमान आहेत, मदत मागायला आलेल्या माणसाला मी माझा देव सांगायचा नाही हे मी पहिल्या दिवसापासून पाळलंय. कुणी स्वतःहून म्हटलं डॉक्टर माझ्यासाठी प्रार्थना करा तर करतो. बाकीच्यांसाठी घरी करतो, नाव न घेता.

विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देतो.

शहापूर_बोळ:
डॉक्टर, आम्ही हिंदू, खरं हे सगळं आमच्या घरात पण असंच झालंय. माझा मोठा भाऊ लूमवर कामाला होता, अचानक लोक माझ्याबद्दल बोलायलेत म्हणायला लागला, टीव्हीतनं मला सांगायलेत म्हणून टीव्ही फोडला. आई म्हणाली बाहेरचं आहे. आम्ही त्याला एका ठिकाणी नेलो, नाव घेत नाही, तिथं दर अमावस्येला बसवायचे आणि मधल्या दिवसात पळून जातोय म्हणून पायात साखळी. मी स्वतः बघितलो, घोट्याला जखम झालेली आणि त्यावर माशा. मामा म्हणाले बस झालं आता, गाडी करून सरळ धारवाडला मेंटल हॉस्पिटलात नेले. गल्लीत बोंब झाली की ह्यांच्या पोराला धारवाडला नेले म्हणून, तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे धारवाडला नेलं म्हणजे काय समजतात ते. आता महिन्याला एक इंजेक्शन आहे, परत लूमवर बसतो, कमी बोलतो खरं जेवतो, झोपतो, भाचीला शाळेत सोडतो. आई अजून देवाला जाते. जाऊ दे की, त्यानं काय बिघडतंय?

कॅम्पडॉक्टर:
काहीच बिघडत नाही, आईंना जाऊ द्या. आणि त्या ठिकाणी नेलं म्हणून त्यांना कुणी बोलू नका, मुलगा हातातून जातोय असं दिसल्यावर जे जवळ होतं तिथे त्या गेल्या. साखळीचं मात्र स्पष्ट लिहितो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ९५ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. हॉस्पिटल असो, देवस्थान असो, दर्गा असो, आमचं प्रार्थना केंद्र असो. तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली तेव्हा २८ माणसं जळून मेली, कारण साखळ्या होत्या, उठून पळता आलं नाही. आमच्यातल्या काही प्रार्थना घरात पण माणसं बांधून ठेवतात हे मला माहीत आहे, आणि ख्रिस्ती म्हणून मला त्याची जास्त चीड येते.

भावाचं इंजेक्शन चुकवू नका. आणि तो कमी बोलतो तो आळस किंवा रुसवा समजू नका, तो आजाराचाच भाग असतो, गोळ्या-इंजेक्शनने आवाज ऐकू येणं लवकर थांबतं पण हे मागे राहतं. भाचीला शाळेत सोडायचं काम त्याच्याकडेच ठेवा, त्याच्यासाठी ते फार मोठं आहे.

हिंडलगा_रोड:
लेख चांगला आहे पण मला एक पटत नाही. डॉक्टरने देव पूर्ण बाहेर ठेवावा. बायबलचा अध्याय काढून दाखवणं म्हणजे तुम्ही पण तेच करताय जे बाबा लोक करतात, फक्त सभ्य भाषेत. उद्या दुसरा डॉक्टर पोथी काढेल. मेंदूचा आजार आहे तर मेंदूचं बोला.

कॅम्पडॉक्टर:
तुमची काळजी रास्त आहे, आणि पेशंट ख्रिस्ती नसेल किंवा ख्रिस्ती असून त्याला नको असेल तर मी शास्त्राचा एक शब्द काढत नाही. पण पेशंट दारातून आत येताना त्याचा देव बाहेर ठेवून येत नाही हो. मागे एक मध्यमवयीन गृहस्थ आले होते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहितो. वजन उतरलेलं, पहाटे तीनला जाग, आणि एकच वाक्य, मी पवित्र आत्म्याविरुद्ध पाप केलंय, मला क्षमा नाही. आधीच्या ठिकाणी त्यांना सांगितलं की हे धर्माचं आहे, पाळकांना भेटा. पाळकांनी समजावलं, ते परत दुसऱ्या दिवशी तेच घेऊन गेले. आता हे पाप-क्षमेचं शिक्षण ज्याला माहीत आहे त्याला लगेच कळतं की असा तळमळणारा माणूस क्षमेबाहेर आहे असं मंडळीत सहसा शिकवत नाहीत, हा माणूस समजूत घालून हलणार नाही, ही तीव्र डिप्रेशनमधली अपराधाची भ्रांती आहे. त्यांना औषध लागलं, आणि नंतर ईसीटी (विजेच्या शॉकचा उपचार) पण द्यावी लागली, भूल देऊन, कायद्याने तशीच द्यायची असते. बरे झाल्यावर तेच म्हणाले की तेव्हा मला तसं का वाटत होतं कळत नाही.

दुसरा प्रकार ओसीडीचा, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती परत परत करायला लावणारा आजार. पापाची कबुली दिली तरी समाधान होत नाही, परत देतात, प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करतात, तास-तास. घरच्यांना वाटतं किती भक्तिमान मुलगी आहे. ती आतून पिळून निघालेली असते. सोवळ्याच्या घरात हाच आजार हात धुण्यात आणि आंघोळीत दिसतो, नमाजी घरात वजूत, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुण्यात दिसतो. त्या घरातली रीत माहीत असली की कुठपर्यंत रीत आणि कुठून आजार ते ओळखता येतं, धर्माची माहिती मी एवढ्यासाठीच वापरतो.

निपाणीकर:
मी स्वतः लिथियमवर आहे, बरीच वर्षं झाली. तंबाखूच्या वखारीत हिशेबाला बसतो. तेजीत असताना मी एका रात्रीत घरातले पैसे उधळून आलेलो, मंडळीत सगळ्यांपुढे उभा राहून मला दर्शन झालंय म्हणून ओरडलो होतो, लोक हालेलुया म्हणत होते आणि माझी बायको मागच्या बाकावर रडत होती, फक्त तिला कळलं होतं की ह्यांना बरं नाही. तिनेच भावाला फोन केला. आता दर काही महिन्यांनी रक्त तपासतो, लिथियम, थायरॉइड, किडनी. उपासाचं तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं, मला पण डॉक्टरांनी सांगितलंय की पाणी आणि मीठ सोडायचं नाही. म्हणून मी लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत मटण सोडतो, टीव्ही सोडतो, ह्या वर्षी चहा पण सोडणार आहे. आमच्या पाळकसाहेबांनी पण सांगितलंय की देव उपाशी पोट मोजत बसत नाही.

कॅम्पडॉक्टर:
भाऊ, तुमच्या वहिनींना, म्हणजे मिसेसना माझा सलाम सांगा. इतक्या गर्दीत आजार ओळखणं सोपं नसतं.

फक्त चहाचं थांबा. चहा-कॉफी रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली की लिथियमची रक्तातली पातळी वाढू शकते, कारण चहामुळे किडनी थोडं जास्त लिथियम बाहेर टाकत असते. सोडायचाच असेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा आणि मध्ये एकदा रक्त तपासून घ्या. मटण खुशाल सोडा.

खानापूरची_लेक:
डॉक्टर साहेब, हे माझ्या वहिनीसाठी विचारतेय. बाळ दीड महिन्याचं झालं. वहिनी बाळ झोपलं तरी झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते, बाळाला घ्यायला नको म्हणते, परवा मला म्हणाली मी नसलेलीच बरी, तुम्ही सगळे चांगलं सांभाळाल. आम्ही कॅथलिक आहोत, फादर घरी येऊन तेल लावून प्रार्थना करून गेले, त्या दिवशी थोडी शांत होती परत तेच. आई म्हणते पहिलटकरीण आहे, होतं असं, आमच्या वेळी नव्हती का रडत. गोळ्या दिल्या तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल म्हणून दादा तयार नाही.

कॅम्पडॉक्टर:
ताई, बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, मन भरून येणं हे खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं. दीड महिना झाला, झोप नाही, आणि मी नसलेलीच बरी असं म्हणतेय, हे डिप्रेशन आहे असं धरून चला आणि या आठवड्यात नाही, उद्याच दाखवा. रात्री तिला एकटी ठेवू नका. घरातली शेतीची औषधं, उंदराचं औषध, जुन्या गोळ्या, सगळं कुलपात टाका, आजच. तिला सरळ विचारा की मरावंसं वाटतं का. विचारल्याने ते डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट होते. आणि जर ती काहीतरी विचित्र बोलायला लागली, बाळ माझं नाहीच, बाळात सैतान आहे, कुणीतरी सांगतंय, असलं काही, तर मग उद्याची पण वाट बघू नका, थेट इमर्जन्सीला न्या.

दुधाचं दादांना सांगा की अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यातलं एक, दुधात फार थोडं उतरतं. निर्णय तपासून डॉक्टर घेतील पण दूध बंद होईल म्हणून थांबू नका. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६, फोन फुकट आहे, चोवीस तास, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठीत पण बोलतात.

कॅम्पातली_आई:
मी वरच्या डॉक्टरांची बायको. खानापूरच्या ताईसाठी मी स्वतः लिहिते म्हटलं, ह्यांनी लिहायला नको. माझं माहेर गदग, घरात कन्नड, मराठी लग्नानंतरचं, चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसऱ्या बाळाच्या वेळी मला हेच झालं होतं. घरात मानसोपचाराचा डॉक्टर आणि मला ह्यांना सांगायची लाज वाटत होती. ह्यांना कळलं त्या रात्री हे म्हणाले, मी तुझा डॉक्टर नाही, मी तुझा नवरा आहे, आणि दुसऱ्या दिवशी मला हुबळीला एका मॅडमकडे नेलं आणि स्वतः बाहेर बाकावर बसले. मॅडमनी मला विचारलं ते मी ह्यांना आजपर्यंत सगळं सांगितलेलं नाही आणि ह्यांनी कधी विचारलं नाही. गोळ्या चालू झाल्या, बाळ अंगावर पीतच होतं, आज तो शाळेत फुटबॉल खेळतो.

आमच्या मंडळीच्या स्त्री समाजातल्या एक मावशी त्या दिवसांत अकराच्या सुमाराला यायच्या. बायका येऊन मोठमोठ्याने प्रार्थना करायच्या, गीत म्हणायच्या, प्रेमाने करायच्या पण मला नंतर अजून रडू यायचं, वाटायचं एवढे लोक देवाला विनवतायत आणि मी काही उठत नाही. ह्या मावशी काही बोलायच्या नाहीत. बाळ घ्यायच्या, मला म्हणायच्या झोप, आणि मोरीत बसून बाळाची दुपटी धुवायच्या. खिडकीतून मला पाण्याचा आवाज यायचा आणि झोप लागायची. त्या धुताना प्रार्थना करत होत्या हे मला पुष्कळ नंतर कळलं. आणि माझ्या सासूबाई, त्यांनी एक शब्द न काढता रोज रात्री नऊला गोळी आणि दुधाचा ग्लास आणून हातात दिला आणि मी गिळेपर्यंत उभ्या राहिल्या. ताई, तुमच्या आईंना माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे मेसेज टाका, मी फोन करते. दादांना पण सांगा, बाहेर बाकावर बसायला लागेल.

पाळक_सीमाभाग:
सर्वांना सलाम. मी ग्रामीण मंडळ्यांत सेवा करतो, चार गावं. आमच्याकडे बाहेरगावचे वक्ते येतात, तीन दिवसांची सभा होते, स्टेजवरून सांगतात की आज तू मोकळा झालास, गोळ्या फेकून दे. टाळ्या होतात, ते गाडीत बसून जातात, आणि पंधरा दिवसांनी त्या माणसाच्या घरी रात्री दोनला मी असतो. म्हणून आता सभेच्या आधीच मी वक्त्यांना सांगतो, औषध बंद करा हे वाक्य आमच्या व्यासपीठावरून चालणार नाही, जमत नसेल तर येऊ नका. यावरून मला दोघा-तिघांनी नावं ठेवली. ठेवू देत.

भुताबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहितो. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात लोक दुखणाइतांना येशूकडे आणतात तिथे भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे लिहिलेत. म्हणजे प्रत्येक झटका भूत असं शास्त्र पण म्हणत नाही. आणि मार्कच्या पाचव्या अध्यायात कबरस्तानात राहणारा तो माणूस, ज्याला लोकांनी साखळ्या घालून पाहिल्या होत्या, तो बरा झाल्यावर येशूच्या मागे यायला बघतो, तर येशू त्याला काय म्हणतो, घरी जा, आपल्या माणसांकडे. त्याला माझ्या मागे ये म्हटलं नाही. मी हे प्रत्येक घरी सांगतो, की बरा झालेला माणूस घरी परत घ्यायचा असतो, तुम्ही त्याला पंगतीला बसवता का ते सांगा मला. लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव घालता का?

डॉक्टर, एक शंका. आमच्यात एका भगिनीचे पती दारू सोडण्याच्या गोळीवर आहेत, प्रभुभोजनाला (उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्याला) यायला घाबरतात.

कॅम्पडॉक्टर:
पाळकसाहेब, सलाम. तुमच्यासारखे चार पाळक असते तर माझी निम्मी ओपीडी हलकी झाली असती.

ती गोळी डायसल्फिराम असणार. तिच्यावर दारूचा थेंब गेला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, जिवावर पण बेतू शकतं. मेथॉडिस्ट मंडळीत प्याल्यात न आंबवलेला द्राक्षरस असतो, तो चालतो. ज्या मंडळीत खरा द्राक्षारस देतात तिथे त्यांनी फक्त भाकर घ्यावी, आणि तुम्ही त्यांना आधी खाजगीत सांगून ठेवलंत की सगळ्यांसमोर प्याला नाकारायची वेळ येणार नाही. कफ सिरपमध्ये पण अल्कोहोल असतं, तेही सांगा. आणि भगिनींना एक बजावून सांगा, ही गोळी नवऱ्याला न सांगता भाजीत, आमटीत कालवून कधीच द्यायची नाही. आपल्या भागात हे फार चालतं, मेडिकलवाले पण देतात, आणि तो बाहेर जाऊन प्याला की ॲम्ब्युलन्स बोलवायला लागते.

चंदगडी_वारा:
आम्ही पलीकडचे, महाराष्ट्रातले, पण आम्हाला बेळगाव जवळ. सरकारी म्हटलं की आम्हाला रत्नागिरीचं मनोरुग्णालय सांगतात, ते लांब पडतं. माझ्या आत्याला धारवाडला नेलं तर तिथे सगळे कन्नड बोलतात, आत्या घाबरली, तिला चंदगडी मराठीशिवाय काही येत नाही, डॉक्टर विचारणार काय आणि ती सांगणार काय. आणि पेन्शनचं कार्ड मिळतं म्हणतात ते मानसिक आजाराला पण असतं काय?

कॅम्पडॉक्टर:
धारवाडच्या डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक हॉस्पिटलात, मराठी समजणारी माणसं असतात, आमच्या भागातले पेशंट तिथे कायम जातात, पहिल्या खिडकीवरच सांगा की पेशंटला फक्त मराठी येतं. २०१७ च्या कायद्यातच आहे की आजाराची आणि उपचाराची माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत द्यायची, त्यामुळे मागायला संकोच करू नका. पण बरोबर असं माणूस न्या ज्याच्यापुढे आत्या मोकळेपणी बोलतील. सुनेला दुभाषी केलं आणि तक्रार सुनेचीच असेल तर आत्या गप्प बसतील, हे मी खूपदा बघतो. कर्नाटकात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठेवतात, मनोचैतन्य म्हणून कार्यक्रम आहे, निघायच्या आधी फोन करून डॉक्टर येणार का ते विचारा.

कार्ड म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात मानसिक आजार येतो. तुमचं रेशन कार्ड, आधार महाराष्ट्राचं असेल तर कार्ड आणि पेन्शन तिकडून होईल, उपचार कुठे घेतले त्याने अडत नाही, फक्त उपचाराचे सगळे कागद जपून ठेवा.

शहापूर_बोळ:
हे कार्डाचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. भावासाठी करतो आता.

खानापूरची_लेक:
डॉक्टर, आज सकाळी वहिनीला नेलो बेळगावला. दादा तयार नव्हता, त्याला मी वहिनींची, म्हणजे तुमच्या मिसेसची पोस्ट वाचून दाखवली, काही बोलला नाही, गाडी काढली. डॉक्टरीण बाईंनी तास दीड तास घेतला. गोळी दिलीय, दूध चालू ठेवा म्हणाल्या, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. शेतातली औषधं काकांच्या घरी नेऊन ठेवली. आई अजून म्हणते गोळ्यांची गरज नव्हती, पण रात्री बाळ माझ्याजवळ दे म्हणाली, ते पुष्कळ झालं. फादरना पण फोन केला, ते म्हणाले बरं केलंत, मी रविवारी येतो, नुसता बसायला येतो.

कॅम्पडॉक्टर:
छान केलंत ताई. पहिला आठवडा मळमळ, डोकं दुखणं होऊ शकतं, त्याला घाबरून बंद करू नका, काही वाटलं तर त्यांनाच फोन करा. दोन आठवड्यांनी एकदम हसायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नका, आधी झोप सुधारेल.

पाळक_सीमाभाग:
डॉक्टर, आमच्या चार गावांतल्या मंडळ्यांसाठी एखाद्या रविवारी उपासनेनंतर येऊन बोलाल का? गावातले इतर लोक पण येतील, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या बाहेर मांडव घालतो म्हणजे कुणाला आत यायचा संकोच नको.

कॅम्पडॉक्टर:
येतो. भाषण नको, प्रश्नच ठेवा, आणि चिठ्ठ्या ठेवा म्हणजे नाव न देता लिहिता येईल. मिसेस पण येतील, बायकांचे प्रश्न त्या वेगळे घेतील, कन्नडवाल्यांचे पण. घरच्यांना घेऊन या असं आवर्जून सांगा, एकट्या पेशंटला पाठवू नका.